टर्बो इंजिन गेलं: घरी बांधायचं, हाफ इंजिन आणायचं की वापरलेलं बसवायचं?

टर्बो गाडीचं इंजिन गेलं की तीन वाटा उरतात. तेच इंजिन घरच्या गॅरेजमध्ये उघडून पुन्हा बांधायचं. नाहीतर ब्लॉक, क्रँक, रॉड आणि पिस्टन आधीच जुळवलेलं हाफ इंजिन आणून त्यावर आपलं हेड (व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) चढवायचं. किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेलं अख्खं इंजिन बसवायचं. बहुतेक जण खर्चाचा हिशेब मांडून निवड करतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळाच आहे: इंजिन गेलं कशामुळे? त्याचं उत्तर हाती नसेल, तर तिन्ही वाटा फिरून त्याच जागी येतात. नव्या पिस्टनला पेट्रोल पुरवणार तो जुनाच अर्धवट चोंदलेला इंजेक्टर, आणि नव्या टर्बोला तेल येणार तेही काजळी धरलेल्या जुन्याच नळीतून.

उघडण्याआधी कळतं ते

सिलिंडरमधला दाब मोजणारी कॉम्प्रेशन टेस्ट सगळ्यांना माहीत असते, पण निर्णय घ्यायला लीक-डाउन टेस्ट जास्त कामाची. कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात पिस्टन वरच्या टोकाला आणायचा, म्हणजे दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद असतात, क्रँक फिरणार नाही असा अडकवायचा आणि प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडायची. मग कान देऊन ऐकायचं. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर हवा पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने निसटते आहे. सायलेन्सरकडून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर गॅस्केट गेलंय किंवा हेडला तडा आहे. रिंगांमधून थोडी हवा धडधाकट इंजिनातही जाते. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा निघतो का, ते बघायचं.

दुसरं, ऑइल फिल्टर कापून आतली घडी उलगडायची. चुंबकाला चिकटतात ते कण लोखंडाचे किंवा पोलादाचे. न चिकटणारी चंदेरी चकाकी पिस्टनच्या अ‍ॅल्युमिनियमची किंवा बेअरिंगची. तांबूस कण दिसले तर बेअरिंगचा वरचा थर झिजून आतलं तांबं उघडं पडलंय, नाहीतर टर्बोचं बुश झिजलंय. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घातला की सिलिंडरच्या भिंतीवरचे ओरखडे आणि वितळलेली पिस्टनची कडही दिसते. ही सगळी तपासणी एका दिवसात उरकते आणि निम्मा निर्णय तिथेच होतो.

एकाच पिस्टनची रिंग-लँड तुटली असेल तर

टर्बो पेट्रोल इंजिनात ही मोडतोड वारंवार दिसते. दोन रिंगांच्या मधली पिस्टनची कड नॉकिंगने (मिश्रणाच्या धक्कादायक स्फोटाने) किंवा अवेळी पेटण्याने तुटते. आजच्या लहान, थेट इंजेक्शनच्या इंजिनांत याचा एक खास प्रकार आहे. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमवर, अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला की बूस्ट, म्हणजे टर्बोने दाबलेल्या हवेचा जोर, भरपूर येतो, आणि तेलाचा एखादा थेंब किंवा काजळीचा कण ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटवतो. पिस्टन अजून वर येत असतानाच दाब प्रचंड चढतो. याचमुळे 2018 मध्ये तेलाचा एपीआय एसएन प्लस आणि 2020 मध्ये एपीआय एसपी हा दर्जा आला. तेलातला कॅल्शियमचा भाग हा प्रकार वाढवतो, म्हणून त्या तेलांत काही कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम वापरलं जातं.

अशा वेळी मी ठामपणे घरच्या रिबिल्डच्या बाजूने आहे. क्रँक बहुधा शाबूत असतो, बेअरिंगची घरं ठीक असतात, बोअरवर, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीवर, खोल ओरखडे नसतील तर नुसत्या होनिंगवर (दगडाने हलकं घासण्यावर) भागतं. वापरलेल्या इंजिनातही पिस्टन तेच आणि कमजोरीही तीच, शिवाय त्यात आजवर कुठलं तेल पडलं हे सांगायला कोणी नसतं. घरी बांधताना मात्र फोर्ज केलेले (ठोकून घडवलेले, जास्त मजबूत) पिस्टन घालता येतात आणि रिंग गॅप, म्हणजे रिंगच्या दोन टोकांमधली फट, स्वतः बघता येतो.

रिंग गॅपवर इथे जरा थांबायला हवं. साध्या इंजिनात वरच्या रिंगसाठी ढोबळ हिशेब असा: बोअरच्या दर मिलिमीटरमागे 0.004 मिमी. टर्बोसाठी तोच 0.005 ते 0.006 धरतात. म्हणजे 86 मिमी बोअरला साधं इंजिन असतं तर 0.34 मिमी चाललं असतं, टर्बोला 0.43 ते 0.52 लागतं. अंतिम आकडा पिस्टन बनवणाऱ्याच्या कागदावरचा घ्यायचा, पण कारण समजून घ्यायला हवं. बूस्टखाली रिंग जास्त तापते आणि फुगते. दोन टोकं एकमेकांना भिडली की तिला पसरायला जागा उरत नाही. मग ती बोअर ओरबाडते किंवा रिंग-लँडच उखडते. गॅप किंचित जास्त राहिला तर थोडी हवा निसटेल, कमी राहिला तर पिस्टन जाईल. डब्यातून काढली आणि बसवली, असं रिंगचं करायचं नाही. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप मोजायचा.

एक अडचण आधीच तपासून घ्या. काही अ‍ॅल्युमिनियम ब्लॉकना लोखंडी लायनर नसतो. भिंतीवर निकासिलसारखा किंवा प्लाझ्मा फवारणीचा पातळ कठीण थर असतो. असा बोअर नेहमीसारखा 0.25 किंवा 0.50 मिमी ओव्हरसाइज करता येत नाही. थर फाटला असेल तर पुन्हा थर चढवणारं किंवा लायनर घालणारं खास मशीन शॉप लागतं. तसं जवळ नसेल तर हाफ इंजिनचं पारडं जड होतं.

बेअरिंग फिरलं असेल तर

इथे माझं मत उलटं आहे. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग जागेवरून फिरलं की क्रँकचा जर्नल (बेअरिंग बसतो तो गोल भाग) खरवडतो, रॉडचा मोठा डोळा लंबगोल होतो आणि धातूची पूड तेलाबरोबर सगळीकडे जाते. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग घालता येतात, पण क्रँक नायट्राइड केलेला (पृष्ठभाग कठीण केलेला) असेल तर ग्राइंडिंगमध्ये तो कठीण थर निघून जाण्याचा धोका असतो आणि तो पुन्हा करून घ्यावा लागतो. रॉड साइझिंग, मेन बोअरची लाइन तपासणी, क्रँकला तडा आहे का याची चाचणी, सगळं बाहेरचं काम. घरी करण्यासारखं फारसं उरत नाही. चांगल्या ठिकाणचं, मोजमापांच्या कागदासह मिळणारं हाफ इंजिन यापेक्षा बरं.

पण हाफ इंजिन आणलं म्हणजे सफाई टळली असं समजू नका. ती पूड ऑइल कूलरमध्ये, व्हॉल्व्ह टायमिंगच्या सोलेनॉइडमध्ये, हेडच्या तेलवाटांत आणि टर्बोत बसलेली असते. ऑइल कूलरच्या आतल्या बारीक पदरांतून ती खात्रीने निघत नाही, तो बदलायचाच. टर्बोची तेलाची नळी नवी घ्यायची, तिच्या बँजो बोल्टमध्ये (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टमध्ये) बारीक जाळी असेल तर तीही. टर्बो उघडून तपासायचा. नव्या हाफ इंजिनवर जुना कूलर जसाच्या तसा चढवणं म्हणजे नव्या बेअरिंगवर जुनीच पूड सोडणं.

फक्त हेड गॅस्केट किंवा फक्त टर्बो

गॅस्केट गेलं असेल तर तिन्ही वाटा सोडा आणि आधी हेड काढा. फोर्डच्या 2016-17 च्या फोकस आरएसमध्ये काही इंजिनांना कारखान्यातच चुकीच्या प्रकारचं हेड गॅस्केट बसलं होतं. कूलंट कमी व्हायचं, पांढरा धूर यायचा, आणि 2018 च्या सुरुवातीला कंपनीने गॅस्केट बदलून द्यायला घेतली. त्या वेळी वापरलेलं इंजिन आणलं असतं तर त्यातही तेच गॅस्केट निघायची शक्यता होती.

हेडचा सपाटपणा सरळपट्टी आणि फिलर गेजने घरी मोजता येतो. अनेक कंपन्यांची मर्यादा 0.05 मिमीच्या आसपास असते. त्यापुढे फेसिंग (मशीनवर सपाट करणं), तेही गुळगुळीत, कारण अनेक पदरांच्या पोलादी गॅस्केटला खडबडीत पृष्ठभाग चालत नाही. आणि एक हात जोडून विनंती: जुनं गॅस्केट काढायला ड्रिलला लावायची खरखरीत चकती वापरू नका. तिच्यातली अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची पूड तेलात उतरते आणि बेअरिंग खाते. जनरल मोटर्सने आपल्या कार्यशाळांना याबद्दल लेखी इशारा दिला होता. प्लास्टिकची खरवडणी आणि रसायन, वेळ लागला तरी.

टर्बोचा पंखा तुटला असेल तर कोणता, हे बघा. कॉम्प्रेसरचे (हवा आत ढकलणाऱ्या पंख्याचे) तुकडे बहुधा इंटरकूलरमध्ये अडकतात आणि इंजिन वाचतं, पण तो इंटरकूलर टाकून द्यावा लागतो. टर्बाइनचे (एक्झॉस्टवर फिरणाऱ्या पंख्याचे) तुकडे पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरकडे जातात. लहान टर्बो मिनिटाला 2 लाखांहून जास्त फेरे घेतो आणि त्याचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, त्यामुळे तो गेला की आधी तेल पुरवठा, खाली उतरणारी परतीची नळी आणि क्रँककेसचा ब्रीदर (आतला दाब बाहेर सोडणारी वाट) तपासायचा. डिझेलमध्ये टर्बोतून तेल आत गेलं असेल आणि इंजिन स्वतःच्याच तेलावर बेभान धावलं असेल, तर नवा टर्बो लावण्याआधी लीक-डाउन टेस्ट कराच.

रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला असेल तर त्या ब्लॉकचा विचार सोडून द्यायचा.

वापरलेलं इंजिन

याचा खरा फायदा वेळ. तयारी नीट असेल तर काही सुट्ट्यांच्या दिवसांत गाडी पुन्हा रस्त्यावर येते. पण घेताना हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून बघा, बोअरस्कोप घाला, ऑइलचं झाकण उघडून आतली काळी साय बघा, जमलं तर कॉम्प्रेशन मोजा. इंजिन कोड तंतोतंत जुळायला हवा. एकाच नावाच्या इंजिनात वर्षागणिक सेन्सर आणि इंजेक्टर बदललेले असतात. गाडीत चढवण्याआधी टायमिंगचा पूर्ण संच, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि मागचं क्रँक सील बदलून घ्या, कारण नंतर तिथे हात पोचत नाही. इंजिन नंबर बदलला की गाडीच्या नोंदणीत तसा बदल करावा लागतो का, हेही पैसे देण्याआधी विचारा.

घरी करायचं ठरलं तर

घरच्या गॅरेजमध्ये उघडणं, धुणं, मोजणं आणि जोडणं होतं. धातू कापायचं काम मशीन शॉपचं, आणि ब्लॉक देताना पिस्टनही सोबत द्यायचे, कारण बोअर पिस्टनच्या मापावरून करतात. इंजिन क्रेन किंवा चेन कप्पी, इंजिन स्टँड, खात्रीचे टॉर्क पाने, अंश मोजायचा गेज, मायक्रोमीटर, बोअर गेज आणि त्या इंजिनाचं कार्यशाळा पुस्तक. यातलं काहीच उसनं मिळणार नसेल तर अवजारांचा खर्च हाफ इंजिनच्या किमतीच्या शेजारी मांडून बघा. थेट इंजेक्शनची इंधन नळी सोडण्याआधी दाब उतरवायचा. पेट्रोलमध्ये तो 200 बारच्या घरात असतो, डिझेल कॉमन रेलमध्ये 2,000 बारपर्यंत आणि कधी त्याहून वर.

जागा मोठी असण्यापेक्षा स्वच्छ असणं महत्त्वाचं. बेअरिंगमधली फट साधारण 0.02 ते 0.05 मिमी असते, धुळीचा जाडसर कण तिच्याएवढाच. ब्लॉकच्या तेलवाटांचे बूच काढून ब्रशने आणि गरम साबणपाण्याने धुवायचं, सुकवून लगेच तेल लावायचं. मशीन शॉपने धुऊन दिला असला तरी हे पुन्हा करायचं. बेअरिंगच्या टोप्यांवर काढतानाच नंबर आणि दिशा टाकायची. आजचे बरेच रॉड एकसंध घडवून मग मोठा डोळा मुद्दाम तोडून बनवलेले असतात. त्यांची टोपी फक्त स्वतःच्याच रॉडवर बसते. टॉर्क अधिक अंशाने आवळायचे ताणले जाणारे बोल्ट दुसऱ्यांदा वापरायचे नाहीत.

सुरू करतानाही फरक आहे. वापरलेलं इंजिन तेल-पाणी भरून, गळती बघून चालवायचं. नव्याने बांधलेल्यात आधी इंधन आणि इग्निशन बंद ठेवून स्टार्टरवर तेलाचा दाब आणायचा. पेटल्यावर ते बराच वेळ आयडलवर ठेवायचं नाही, कारण रिंगा इंजिनावर भार असतानाच बोअरला नीट जुळून बसतात. मध्यम भार, वर-खाली होणारा आरपीएम, आणि पहिलं तेल लवकर बदलायचं. ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मॅप कोणी वाढवलेला असेल तर तो आधी मूळचा करायचा. अनेकदा नॉकिंगचं कारण तिथेच सापडतं.

रोज लागणारी गाडी ही एकच असेल, तर तपासणीत काहीही निघालं तरी मी घरच्या रिबिल्डने सुरुवात करायला सांगणार नाही. एक गॅस्केट चुकीचं आलं किंवा मशीन शॉपचं काम लांबलं की घाई सुरू होते, आणि घाईत मोजणं सुटतं. अशा वेळी तपासलेलं वापरलेलं इंजिन बसवा, आणि जागा असेल तर जुनं इंजिन स्टँडवर ठेवून निवांत बांधा. क्रँक आणि ब्लॉक मापात असतील तर तोपर्यंत तेलाचा हात मारून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ते वर्षभरही राहतं.