खानापूरची कुंभारमाती : 40 रुपयांत महिनाभर खेळ

जूनचा पाऊस लागला की आमच्या वडगावात मुलांना बाहेर सोडता येत नाही. थोरला पाच वर्षांचा, धाकटी साडेतीन. गेल्या महिन्यात खानापूरला मावशींकडे गेले होते, तेव्हा एका कुंभाराकडून मळलेल्या मातीचा चांगला चार किलोचा गोळा 40 रुपयांना आणला. बाजारातल्या रंगीत क्लेचा डबा याच्या कितीतरी पट महाग, आणि दोन दिवसांत कडक होतो.

ही माती ओल्या गोणपाटात गुंडाळून झाकणाच्या बादलीत ठेवली की मऊ राहते. मोडकी खेळणी वाळली तर फोडून रात्रभर पाण्यात भिजवायची, वरचं पाणी ओतायचं, पुन्हा मळायची. भाजलेली नाही म्हणून हे जमतं. माझ्या मते सगळ्यात मोठा गुण हाच.

मण्णेत्तिन अमावास्येला, म्हणजे मातीचे बैल करून पूजायच्या कर्नाटकातल्या सणाला, शेजारच्या कन्नड अज्जींनी दोघांना बैल करायला शिकवलं. आधी पोट, मग वशिंड, शिंगं शेवटी. डोळ्यांना ज्वारीचे दाणे. त्या दिवशी दोन तास घरात आवाज नव्हता! धाकटीने चूल, तवा, इवल्या भाकऱ्या केल्या. तिची भातुकली अजून खिडकीत मांडलेली आहे.

उणीव एकच, मातीत बारीक खडे निघाले. मुलांना देण्याआधी एकदा हाताने चाचपून खडे काढून घ्या. तोंडात घालण्याच्या वयाच्या बाळाला तर देऊच नका. खाली जुनी ताडपत्री अंथरा, फरशी वाचते.

पुढच्या खेपेला दोन गोळे आणणार आहे, एक जावेच्या मुलांसाठी.