नोकरी सांभाळून सप्लाय चेनची मास्टर्स: ऑनलाइन एमबीए की एमआयटीचा मायक्रोमास्टर्स?

प्लॅनिंग, पर्चेस, डिस्पॅच किंवा वेअरहाउसमध्ये चार-पाच वर्षे काढली की मास्टर्स करावी का, हा प्रश्न डोके वर काढतोच. नोकरी न सोडता करायची तर मुख्यतः तीन वाटा आहेत: भारतीय विद्यापीठाची ऑनलाइन किंवा दूरस्थ एमबीए, शनिवार-रविवारचे वर्ग, आणि अमेरिकेतल्या एमआयटीचा ऑनलाइन मायक्रोमास्टर्स. बहुतेक जण फीपासून सुरुवात करतात. खरे तर पहिला प्रश्न एचआरला विचारायला हवा: मॅनेजर ग्रेडसाठी पदव्युत्तर पदवी लागते का, ऑनलाइन पदवी चालते का, फीचा काही भाग परत मिळतो का, आणि मिळत असेल तर किती वर्षांचा बाँड? उत्तर मेलवर घ्या. तोंडी होकार साहेब बदलला की हवेत विरतो.

ग्रेडसाठी पदवीच लागत असेल तर मायक्रोमास्टर्स एकट्याने कामाचा नाही. तो प्रमाणपत्र देतो, पदवी नव्हे. आयआयएम मुंबईसारख्या, म्हणजे २०२३ पर्यंतच्या नीटीसारख्या, नामांकित संस्थांच्या एक्झिक्युटिव्ह सर्टिफिकेटलाही हेच लागू. शिकायला मिळते उत्तम, पण अर्जातल्या ‘पदव्युत्तर पदवी’च्या रकान्यात ते लिहिता येत नाही.

यूजीसीच्या २०२० च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते. अट एवढीच, की तुम्ही प्रवेश घेता त्या सत्रासाठी, त्याच विद्यापीठाच्या त्याच अभ्यासक्रमाला यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाची, म्हणजे डीईबीची, मान्यता हवी. विद्यापीठ नावाजलेले आहे म्हणून प्रत्येक कोर्स मान्य असेलच असे नाही. डीईबीच्या संकेतस्थळावरची यादी स्वतः उघडून बघा, एजंटने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. प्रवेशासाठी लागणारा डीईबी आयडीही स्वतःच काढायचा असतो. त्याआधी एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिट्स जमा होणाऱ्या अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्याचा क्रमांक, तयार हवा.

आता वेळेचा हिशेब, कारण गाडी अडते ती इथेच. दूरस्थ शिक्षणात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. ८० क्रेडिट्सची पदवी धरली तर २४०० तास झाले, म्हणजे दोन वर्षांत आठवड्याला साधारण २३ तास. अनुभवी माणसाला काही विषय आधीच येतात, त्यामुळे प्रत्यक्षात कमी लागतात. तरी रविवारचे चार तास काढून भागत नाही. इग्नूमध्ये सत्रान्त परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात. जून म्हणजे तिमाहीअखेर. कॅलेंडर वर्षावर चालणाऱ्या परदेशी कंपन्यांत डिसेंबर म्हणजे वर्षअखेरची स्टॉक मोजणी. त्यात असाइनमेंट वेळेत गेल्या नाहीत तर चांगली लिहिलेली परीक्षाही निकालात अडकून पडते. दोन वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांपर्यंत पुरा करता येतो. ही सवलत कमीपणाची न मानता पहिल्यापासूनच तीन वर्षांचे नियोजन करा आणि कामाचा जोर असलेल्या सत्रात दोनच पेपर द्या.

मायक्रोमास्टर्सचा जाच वेगळा आहे. पाच कोर्स: अ‍ॅनालिटिक्स, फंडामेंटल्स, डिझाइन, डायनॅमिक्स, आणि टेक्नॉलॉजी अँड सिस्टिम्स. शेवटी सर्वांवर मिळून एक परीक्षा. प्रत्येक कोर्स सुमारे तीन महिन्यांचा, आठवड्याला ८ ते १२ तासांचा, आणि गणिते ठरल्या तारखेला द्यावी लागतात. अ‍ॅनालिटिक्समध्ये प्रोबॅबिलिटी, रिग्रेशन, लिनिअर प्रोग्रॅमिंग येते. बारावीनंतर गणित सुटलेल्यांची दमछाक इथेच होते.

पण जे हाती लागते ते दुसऱ्या दिवशी कामावर वापरता येते. समजा एका सुट्या भागाची मागणी आठवड्याला सरासरी १०० नग, स्टँडर्ड डेव्हिएशन (सरासरीभोवतीचा चढ-उतार) २०, आणि लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल हाती येईपर्यंतचा वेळ) ४ आठवडे. पुष्कळ प्लॅनर २० गुणिले ४ असे ८० धरतात आणि ९५ टक्के सर्व्हिस लेव्हलसाठी (म्हणजे १०० पैकी ९५ वेळा माल कमी पडू नये यासाठी) ठरलेल्या १.६५ या गुणकाने गुणून १३२ नगांचा सेफ्टी स्टॉक, म्हणजे जादा राखीव साठा, ठेवतात. आठवड्यांची मागणी एकमेकांवर अवलंबून नसेल तर डेव्हिएशन वर्गमुळाने वाढते: २० गुणिले २ म्हणजे ४०, आणि सेफ्टी स्टॉक ६६. म्हणजे निम्मा माल उगाच पडून. आता माल न्हावाशेव्याहून येतो आणि लीड टाइमच एका आठवड्याच्या डेव्हिएशनने मागेपुढे होतो असे धरा. मग ४ गुणिले ४०० (२० चा वर्ग) आणि १०० चा वर्ग मिळून ११,६००. त्याचे वर्गमूळ सुमारे १०८, आणि सेफ्टी स्टॉक १७८. मागणीच्या अंदाजावर डोकेफोड करण्याआधी कंटेनरच्या तारखा नीट पाळून घेणे जास्त फायद्याचे, हे या एका गणितात दिसते. असे प्रश्न रोज टेबलावर येत असतील तर मायक्रोमास्टर्सला तोड नाही.

त्याला पदवीची जोड हवी असेल तर एमआयटीत प्रवेश मिळवून जानेवारी ते मे असे पाच महिने एमआयटीच्या गावी, अमेरिकेतल्या केंब्रिजला, राहावे लागते. तिथे नोकरी सांभाळून जमत नाही. बिनपगारी रजा आणि डॉलरमधला खर्च, दोन्हींची तयारी हवी. प्रमाणपत्र असले तरी प्रवेशाची हमी नसते. काही इतर विद्यापीठेही या प्रमाणपत्राला क्रेडिट देतात. बाहेर स्थायिक व्हायचा विचार असलेल्यांनी ती शक्यता तपासावी.

शनिवार-रविवारच्या वर्गांत सोबत्यांची ओळख सर्वात मोलाची असते. मात्र पिंपरी-चिंचवड, भोसरी भागात अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. अशांना रविवारची हजेरी म्हणजे दर आठवड्याला रजा किंवा शिफ्टची अदलाबदल. हजेरीची अट आधी विचारा.

शैक्षणिक कर्ज काढणार असाल तर प्राप्तिकरात व्याजाची वजावट जास्तीत जास्त आठ वर्षे मिळते, पण फक्त जुन्या कररचनेत.

अजून मन डळमळत असेल तर मायक्रोमास्टर्सचा फंडामेंटल्स कोर्स फी न भरता ऑडिट करा, म्हणजे प्रमाणपत्राशिवाय नुसता शिका, आणि चार आठवडे रोज दीड तास बसून दाखवा. तेवढे जमले तर कोणतीही वाट झेपेल. गणितात रमलात तर मायक्रोमास्टर्स, आणि ग्रेड अडलेली असेल तर मुकाट्याने एमबीए. दोन्ही एकदम सुरू करू नका.

एमबीए घेतलीत तर शेवटच्या प्रोजेक्टची सोय पहिल्याच वर्षी लावा. कंपनीचा डेटा वापरायला वरिष्ठांची लेखी परवानगी घ्या, पार्ट नंबर आणि व्हेंडरची नावे बदला, आणि सगळे नग एकाच गुप्त आकड्याने गुणा, म्हणजे खरे आकडे झाकले जातात आणि चढ-उताराचे प्रमाण तेच राहते. किमान दोन वर्षांचा आठवडावार डिस्पॅच डेटा परवानगी मिळताच काढून ठेवा. ऐनवेळी सिस्टिम बदलली किंवा बदली झाली तर तो परत मिळवण्यात सत्र जाते.