आयजीसीएसई घरून देणाऱ्यांसाठी कॅल्क्युलेटर: कॅसिओ ९९१ईएस प्लस घ्यावा का?

मूल घरी शिकत असलं तरी परीक्षा कुठल्या ना कुठल्या बोर्डाची द्यावीच लागते, आणि कॅल्क्युलेटर ठरतो तो त्या बोर्डाच्या नियमावर. १७ नंबरचा (खाजगी विद्यार्थ्यांचा) फॉर्म भरून राज्य मंडळाची दहावी देणार असाल तर खरेदी राहू द्या, गणिताच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालतच नाही. सीबीएसईचंही तेच. डिजिटल सॅट (अमेरिकी कॉलेजप्रवेशाची परीक्षा) देणाऱ्याला परीक्षेच्या स्क्रीनवरच डेसमॉस हा कॅल्क्युलेटर मिळतो. प्रश्न उरतो केंब्रिज आयजीसीएसई, म्हणजे केंब्रिज बोर्डाची दहावीच्या पातळीची परीक्षा, प्रायव्हेट देणाऱ्यांचा. होमस्कूलिंगमधली बरीच मुलं त्याच वाटेने जातात, म्हणून हा रिव्ह्यू त्यांच्यासाठी.

गणित विषयाचा कोड आधी पाहा. ०५८० असेल तर सायंटिफिक कॅल्क्युलेटर लागतो आणि ग्राफिक (स्क्रीनवर आलेख काढणारा) चालत नाही. ०६०७ असेल तर उलट, ग्राफिकच लागतो. त्याची किंमत कैक पटीने जास्त, त्यामुळे कोड न बघता दुकानात जाऊ नका.

०५८० साठी आमचं मत कॅसिओ एफएक्स-९९१ईएस प्लसला, तोही सेकंड एडिशन. स्वस्तातला ८२एमएस किंवा घरात दादा-ताईचा डिप्लोमापासून पडून असलेला ९९१एमएस नियमाने चालतो, पण दोन गोष्टींत कमी पडतो. पहिली म्हणजे, एमएसमध्ये √८ दाबलं की २.८२८४२७१२५ येतं, तर ईएस प्लस २√२ दाखवतो. अपूर्णांकही पुस्तकातल्यासारखा वर-खाली दिसतो, त्यामुळे कंस चुकला तर तो मुलाला स्वतःलाच सापडतो. दशांश हवा असेल तर एस⇔डी दाबायचं, किंवा सुरुवातीलाच नुसत्या बरोबरऐवजी शिफ्ट आणि बरोबर.

दुसरी गोष्ट टेबल मोड. पैसे वसूल होतात ते इथेच. आलेख काढायच्या प्रश्नात y = x³ − ३x + १ साठी −२ ते २ पर्यंतच्या किमती काढायच्या आहेत असं धरा. मोड ७ दाबा. एक्स साठी अल्फा आणि उजवा कंस, घनासाठी शिफ्ट आणि वर्गाची कळ. सूत्र भरून बरोबर दाबलं की सेकंड एडिशन जी(एक्स), म्हणजे दुसरं सूत्र, विचारतो, तिथे काही न भरता पुन्हा बरोबर. स्टार्ट −२, एंड २, स्टेप ०.५. नऊच्या नऊ किमती एका रांगेत येतात, −१.५ समोर २.१२५ दिसलं की सूत्र नीट भरलंय. उणे चिन्ह मात्र कंसातल्या (−) कळेचं वापरायची सवय लावा. ओळींना मर्यादा आहे. −१० ते १० आणि स्टेप ०.५ दिली तर 'इन्सफिशियंट मेम' म्हणून तो हात वर करतो, मुलाला वाटतं बिघडला.

आता चुका कुठे होतात ते. सगळ्यात जास्त मार्क जातात कोनाच्या सेटिंगपायी. शिफ्ट-मोडनंतर ३ म्हणजे डिग्री, ४ रेडियन, ५ ग्रेड. चुकून ४ दाबलं गेलं की पुढचा अख्खा पेपर वाकडा. पेपर हातात येण्याआधी साइन ३० करून बघायचं: १/२ आलं तर ठीक, −०.९८८ आलं तर रेडियन, ०.४५४ आलं तर ग्रेड. स्क्रीनच्या वरच्या कडेला बारीक डी दिसतोच, पण घाईत तो कोण पाहतो?

दुसरी चूक मधल्या उत्तराला गोल करण्याची. केंब्रिज तीन सार्थ अंकांपर्यंत उत्तर मागतं. गोलाचं घनफळ ५०० घन सेंमी दिलं असेल तर त्रिज्या ४.९२३७ येते. ती ४.९२ लिहून पृष्ठफळ काढलं तर ३०४ येतं, बरोबर उत्तर ३०५. म्हणून त्रिज्या काढल्यावर काही न पुसता लगेच ४, पाय, एएनएस (मागचं उत्तर आणणारी कळ), वर्ग असं दाबायचं. कागदावर ४.९२… लिहा, कॅल्क्युलेटरमध्ये पूर्ण आकडा राहू द्या.

−३² ला कॅल्क्युलेटर −९ म्हणतो, तेही बरोबरच आहे. वर्ग −३ चा हवा तर कंस घाला.

नवा ९९१सीडब्ल्यू वाईट नाही. स्क्रीन जास्त सुबक आहे. पण कळांची मांडणी पार बदलली आहे. दशांशासाठी फॉरमॅटच्या मेन्यूत शिरावं लागतं, आणि यूट्यूबवरचे जुने धडे, सोडवून दाखवणाऱ्या ताई-सर बहुतेक ईएस नाहीतर ईएक्स या जुन्या मॉडेलांवर शिकवतात. शेजारी बसून दाखवणारं कुणी नसताना हा फरक जाचतो. मूल मेन्यूत रमणारं असेल तर बिनधास्त घ्या.

ईएस प्लसमध्ये सोलरबरोबर एलआर४४ बटन सेल असतो. सोलरच्या पट्टीवर बोट ठेवल्यावर आकडे फिके पडले की सेल संपत आला समजा. सेल बदलला की शिफ्ट ९, मग ३, मग बरोबर असं करून रीसेट करा. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळीही हेच करावं, जुनी उठाठेव पुसली जाते आणि कोन डिग्रीवर येतो. झाकणाच्या आत स्थिरांकांची यादी चिकटवलेली असते, म्हणून झाकण परीक्षागृहाबाहेर ठेवा.

एक गोष्ट पालकांच्या नजरेतून हमखास सुटते. २०२५ पासून ०५८० च्या दोनपैकी एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय आहे, म्हणजे निम्मे मार्क हातानेच मिळवायचे. २०२४ पर्यंतच्या सगळ्या जुन्या प्रश्नपत्रिकांत मात्र तो चालायचा. नुसत्या त्याच सोडवून घेतल्या तर भागाकार आणि अपूर्णांक कच्चे राहतात. एक्सटेंडेड (वरच्या पातळीचा अभ्यासक्रम) देणाऱ्यांचा हा कॅल्क्युलेटरशिवायचा पेपर, म्हणजे पेपर २, शंभर मार्कांचा, दोन तासांचा आहे. त्याच्या सरावासाठी आठवड्यातले निदान तीन दिवस कॅल्क्युलेटर कपाटात ठेवलेला बरा.