मांजरांच्या घरात एअर प्युरिफायर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

दहा बाय बारा फुटांची खोली, उंची दहा फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळायची तर सीएडीआर, म्हणजे मशीन तासाला किती स्वच्छ हवा देतं तो आकडा, निदान १७० घनमीटर प्रतितास लागतो. खोक्यावरचा आकडा मात्र सर्वांत जास्त वेगाचा असतो आणि त्या आवाजाला मांजर खोलीतून उठून जातं. म्हणून २५०-३००चं मशीन घेऊन मधल्या वेगावर चालवावं.

धूळ, कोंडा, धूर यांना हेपा फिल्टर, म्हणजे मशीनमधली अतिबारीक कण अडवणारी जाळी, चोख अडवतो. लिटरचा, म्हणजे मांजराच्या शौचाच्या ट्रेमधल्या मातीचा, अमोनिया (लघवीचा उग्र वास) तो अडवत नाही आणि वास शोषणाऱ्या कार्बनचा पातळ थरही त्याला पुरत नाही. वास घालवायचा तर दिवसातून दोनदा लघवीचे गोळे काढायलाच हवेत.

पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म धुळीचा, आकडा सगळ्यात जोरात चढतो तो बेंटोनाइट (चिकणमातीचं) लिटर ओतताना. पिशवीचं तोंड ट्रेच्या तळाशी टेकवून हळू ओतलं की बराच फरक पडतो. टोफूच्या (सोयाबीनच्या चोथ्याच्या) लिटरची धूळ त्याहून कमी. झाकणाचा लिटरचा डबा तर नकोच, कारण उकरताना उडालेली सगळी धूळ आत मांजराच्या नाकाशीच कोंडते. अगरबत्ती, धूप, मच्छर कॉइल मांजराच्या खोलीत लावू नये. निलगिरी किंवा टी ट्री तेलाचा डिफ्यूझरही नको. ही तेलं मांजराला विषारी आहेत.

पावसाळ्यात आकडा उगाच फुगतो. धूळ मोजणारा लेझर सेन्सर दमट हवेतले जलकणही धूळ म्हणून मोजतो, त्यामुळे शेजारी वीतभर अंतरावर हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) असू द्या. आर्द्रता ४० ते ६० टक्के बरी. हिवाळ्यात अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरमध्ये (पाण्याचं धुकं सोडून हवा दमट करणाऱ्या यंत्रात) नळाचं पाणी घातलं तर त्यातले क्षार पांढरी भुकटी होऊन हवेत उडतात आणि प्युरिफायर तीच गाळत बसतो. डिस्टिल्ड पाणीच घाला.

मांजराला आपल्यापेक्षा ऊब जास्त लागते. एसी २६-२७ वर ठेवा, झोत अंथरुणावर येऊ देऊ नका.

एवढं करूनही मांजराच्या शिंका थांबल्या नाहीत तर दोष मशीनचाच असेल असं नाही. मांजरातला हर्पिस विषाणू एकदा शिरला की शरीरात दबून राहतो आणि घर बदललं, नवं मांजर आलं की ताणाने डोकं वर काढतो. पिवळा-हिरवा शेंबूड, एकाच नाकपुडीतून स्राव, दिवसभर अन्न न शिवणं, तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, यांतलं काहीही दिसलं तर थेट पशुवैद्य. पॅरासिटामॉल चुकूनही देऊ नका, मांजर दगावतं.

मशीनच्या देखभालीत प्री-फिल्टर, म्हणजे केस अडवणारी बाहेरची जाळी, सगळ्यात छळतो. केसांचा नमदा बसला की हवा ओढली जात नाही, म्हणून दर आठवड्याला व्हॅक्यूम करा. हेपा कधीही धुऊ नका. आयोनायझरचं (हवेत विद्युतभारित कण सोडणाऱ्या सोयीचं) बटण असेल तर बंदच ठेवा. त्यातून ओझोन निघू शकतो आणि तो श्वासनलिकेला झोंबतो.