शिखरजीची खोली फोनवर बुक करण्याआधी हे वाचा

आईची सम्मेद शिखरजीची, म्हणजे झारखंडमधल्या आम्हा जैनांच्या तीर्थाच्या डोंगराची, वंदना राहिली होती. चोवीसपैकी वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले, तो डोंगर एकदा बघायचाच, हे ती बाबा होते तेव्हापासून म्हणायची. यंदा डिसेंबरात निघायचं ठरलं.

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या मधुबनातल्या एका मोठ्या धर्मशाळेचं नाव इंटरनेटवर टाकलं. नकाशावर नंबर होता, तो लावला. पलीकडून आधी “जय जिनेंद्र” आलं. कितीजण, कोणी वयस्कर आहे का, सूर्यास्ताआधी जेवण लागेल ना, कांदा-बटाटा चालत नाही ना, सगळं त्यानेच विचारलं. माझा विश्वास तिथेच बसला. असं बोलणारा माणूस आपल्यातला नसेल, हे मनात आलंच नाही.

तीन दिवसांच्या खोलीचे 3,600 स्कॅनरवर भरले. मंदिराच्या फोटोसकट पावती आली. मग आईच्या डोलीचे 5,000. तासाभराने त्याचा फोन, “डोलीच्या पेमेंटमध्ये नाव टाकायचं राहिलं, पुन्हा पाठवा, आधीचे आपोआप परत येतील.” तेही पाठवले. एकूण 13,600. पैसे जाताना पडद्यावर ट्रस्टचं नाही, कुणा एका माणसाचं नाव दिसत होतं. मी ते वाचलं होतं.

पारसनाथ स्टेशनवरून मधुबनात पोहोचायला रात्रीचे साडेअकरा झाले. मुनीमजींनी रजिस्टर दोनदा चाळलं, आमचं नाव नव्हतं. पावती पाहून म्हणाले, “बेटी, ये नंबर हमारा नहीं है.” आई बाकावर बसून होती, काही बोलली नाही. ते मला अजून टोचतं. त्यांनी त्या गर्दीतही एक खोली काढून दिली, त्यांचे उपकार आहेत.

डोलीचं तर दुसऱ्या दिवशी लक्षात आलं. भाडं माणसाच्या वजनावर ठरतं, आईला आधी काट्यावर बसवलं. फोनवरच्या माणसाने वजन विचारलंच नव्हतं. तिथे एकदा जाऊन आलेल्या कुणालाही विचारलं असतं तर हे कळलं असतं. आमच्या गल्लीतच चार घरं जाऊन आलेली आहेत.

1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे भरून आठ दिवस झाले होते. खात्यात काही उरलं नव्हतं. फसलात तर त्याच तासाला 1930 लावा, रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येते. नंबर नकाशावरून घेऊ नका, आधी जाऊन आलेल्यांकडची छापील पावती मागा आणि तिच्यावरचा लावा. पैसे घेणाऱ्याच्या जागी ट्रस्टचं नाव नसेल तर तिथेच थांबा.

पहाटे तीनला वंदना सुरू केली. नऊ कोस म्हणतात ती वाट, सत्तावीस किलोमीटर, मी अनवाणी आणि आई डोलीत. पार्श्वनाथांच्या टोंकेवर, म्हणजे शिखरावरच्या त्यांच्या देवळापाशी, ती बराच वेळ हात जोडून उभी होती.

तो नंबर कालपर्यंत नकाशावर तसाच होता. मी चुकीचा म्हणून कळवलाय, तुम्हीही कळवा.