रे नगर, कुंभारी : कामगार संघटनेने उभारलेल्या घरांचे परीक्षण

सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने गेल्यावर कुंभारीच्या शिवारात रे नगर ही कामगारांची जी अफाट वसाहत लागते, तिच्यामागे कोणा नामवंत बांधकाम व्यावसायिकाचे नाव नाही. नाव आहे ते नरसय्या आडम यांचे. सोलापूर त्यांना आडम मास्तर म्हणून ओळखते. सिटू या डाव्या कामगार संघटनेचे नेते आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे कार्यकर्ते असलेले मास्तर 1978, 1995 आणि 2004 असे तीन वेळा विधानसभेवर निवडून आले. विडी, यंत्रमाग आणि इतर असंघटित कामगारांच्या प्रश्नांवर मोर्चे काढणे हेच त्यांचे आयुष्यभराचे काम, आणि तरीही महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या गृहबांधणी उपक्रमांपैकी एकाचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. त्यांच्या राजकारणाबद्दल मते अनेक आहेत, परंतु ज्यांच्यासाठी ही घरे बांधली त्यांच्या उपयोगाला ती किती उतरतात, याचा विचार त्यामानाने कमी झाला आहे. म्हणून या लेखात परीक्षण घरांचे आहे, आणि नेत्याचे आहे ते घरांच्या अनुषंगाने.

रे नगरकडे पाहण्याआधी त्याच परिसरातील गोदूताई परुळेकर विडी कामगार वसाहत समजून घ्यावी लागते, कारण या प्रयोगाची खरी परीक्षा तिथे झाली. वारली आदिवासींच्या लढ्याच्या नेत्या गोदावरी परुळेकर यांचे नाव दिलेल्या या वसाहतीत दहा हजार घरे आहेत आणि 2006 मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती महिला विडी कामगारांना सुपूर्द झाली. तिचे अर्थकारण आजही अभ्यासावे इतके सुबोध होते: प्रत्येक घरामागे वीस हजार रुपये केंद्राचे, वीस हजार राज्याचे आणि वीस हजार कामगार स्त्रीचे. 1976 च्या कायद्यांनी विड्यांवर उपकर बसवला होता आणि त्यातून विडी कामगारांचा कल्याण निधी उभा राहत होता. केंद्र सरकार विडी कामगारांच्या घरांना जे अनुदान देई, ते याच निधीच्या व्यवस्थेतले. म्हणजे त्या स्त्रियांनी वळलेल्या विड्यांवर गोळा झालेला पैसाच एका परीने त्यांच्या छपरासाठी परत आला. किमान वेतन, छाट (वळलेल्या विड्या नापास करून मजुरी कापणे) आणि भविष्य निर्वाह निधी या प्रश्नांवर ज्या संघटनेने वर्षानुवर्षे भांडण केले, तिच्या शब्दावर विसंबून हजारो बायकांनी आपला वाटा भरला. असा विश्वास जाहिरातीने मिळत नाही, आणि या प्रकल्पांची सर्वांत मोठी ठेव तीच आहे असे माझे मत आहे. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा तो उपकर रद्द झाला आणि घर, दवाखाना, मुलांची शिष्यवृत्ती यांना लाभलेला तो हक्काचा झरा आटला, याची खंत इथे नोंदवलीच पाहिजे.

रे नगर हा त्यापुढचा आणि तिप्पट मोठा टप्पा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेखाली तीस हजार घरांचा हा प्रकल्प आखला गेला. विडी कामगारांबरोबर यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरावेचक आणि वाहनचालक हेही त्याचे लाभार्थी आहेत. जानेवारी 2019 मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते पायाभरणी झाली आणि 19 जानेवारी 2024 रोजी पहिल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण त्यांच्याच हस्ते झाले. पायाभरणी आणि लोकार्पण यांच्या मध्ये महामारीची दोन वर्षे गेली, हे ध्यानात घेता सार्वजनिक गृहबांधणीच्या मानाने हा वेग उल्लेखनीय आहे. त्याचे श्रेय पाठपुराव्याला द्यावे लागेल. सरकारी योजनांची पात्र माणसे शोधणे, त्यांची कागदपत्रे जमवणे आणि त्यांना बँकेच्या दारापर्यंत नेणे हे काम कोणताही विकासक मनापासून करत नाही. संघटनेच्या कार्यकर्त्यांना मात्र मोहल्ल्यामोहल्ल्यातील माणूस नावानिशी माहीत असतो.

खर्चाच्या बाबतीत मात्र चित्र गोदूताई वसाहतीपेक्षा कठीण झाले आहे. सुमारे 1,811 कोटी रुपयांचा प्रकल्प आणि तीस हजार घरे असा हिशेब धरला तर घरटी सहा लाख रुपयांच्या आसपास रक्कम येते. योजनेनुसार केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख वजा केले तरी निम्म्याहून अधिक भार उरतो. तो सर्वच्या सर्व लाभार्थ्यावर पडतो असे नाही, कारण पायाभूत सुविधांचा काही खर्च इतर वाटांनी येऊ शकतो. तरीही 2006 च्या वसाहतीत कामगाराचा वाटा नेमका एक तृतीयांश होता आणि आता तो त्याहून मोठा झाला आहे, ही दिशा चिंतेची आहे. हजार विड्यांमागे मजुरी मिळवणाऱ्या बाईला दरमहा हप्ता भरणे आणि एकदाच वीस हजार उभे करणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. हप्ता थकला की घराचा आनंद धाकात बदलतो.

आता प्रत्यक्ष घर. सुमारे 300 चौरस फूट चटई क्षेत्र, म्हणजे जेमतेम 28 चौरस मीटर. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकासाठी योजनेने घालून दिलेली कमाल मर्यादाच 30 चौरस मीटरची होती, त्यामुळे यात बांधणाऱ्याने कंजुषी केली असे म्हणता येणार नाही. पत्र्याच्या, गळक्या किंवा भाड्याच्या खोलीतून आलेल्या कुटुंबाला पक्के छप्पर, स्वतःचे शौचालय आणि बाईच्या नावावरची मालकी मिळते, तेव्हा तिच्या आयुष्यात होणारा बदल चौरस फुटांत मोजता येत नाही. मात्र सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीचे घर हे तिचे कामाचे ठिकाणही असते. पाने भिजवायची, पुसायची, कात्रीने मापात कापायची, मांडीवर सूप घेऊन तंबाखू भरायचा, सुताने बांधायचे आणि जुड्या करायच्या: हे सगळे ती उंबऱ्याशी, उजेडात, शेजारणींच्या सोबतीने करते. गोदूताई वसाहतीतील बैठ्या घरांना दार आणि अंगण जोडून असल्याने ही कामाची जागा आपोआप मिळाली. रे नगरच्या बहुमजली इमारतींत वरच्या मजल्यावरच्या बाईला ती मिळत नाही. तंबाखूची धूळ चार भिंतींत राहते आणि तिथेच मुले झोपतात, तिथेच चूल असते. ज्या संघटनेला या कामाची खडान्खडा माहिती आहे, तिच्याच प्रकल्पात प्रत्येक इमारतीच्या तळमजल्यावर हवेशीर सामायिक कामाची शेड आराखड्यापासूनच असायला हवी होती. एवढ्या मोठ्या जागेत ती अजूनही करता येईल, आणि माझ्या मते पुढच्या खर्चात तिला पहिला मान मिळावा.

ठिकाणाबद्दल दुमत होण्यासारखे फारसे नाही. इतकी जमीन शहरात परवडणारच नव्हती, म्हणून वसाहत शहराबाहेर गेली. परिणामी रोज यंत्रमागावर, बाजारात किंवा फेरीवर जाणाऱ्याला प्रवासाचा खर्च आणि वेळ दोन्ही सोसावे लागतात. तीस हजार कुटुंबे म्हणजे एक मध्यम शहरच, आणि त्या शहराला शाळा, दवाखाना, सांडपाण्याची व्यवस्था आणि पहाटेपासून रात्रीपर्यंतची बस लागते. खुद्द सोलापूर शहर उजनी धरणाच्या पाण्यासाठी काही दिवसांआड वाट पाहते, तिथे दक्षिण सोलापूर तालुक्यातील एका गावच्या हद्दीत वसलेल्या एवढ्या लोकसंख्येला नियमित पाणी देण्याची जबाबदारी कोणाची, हे कागदावर ठामपणे ठरलेले असले पाहिजे. घर हाती आल्यानंतर संघटनेची खरी लढाई इथेच आहे.

या उभारणीची किंमत मास्तरांना राजकारणात मोजावी लागली. 2019 च्या कार्यक्रमात त्यांनी मोदी आणि देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारांचे जाहीर कौतुक केले म्हणून पक्षाच्या केंद्रीय समितीतून त्यांना तीन महिन्यांसाठी निलंबित करण्यात आले. विधानसभेच्या निवडणुकीत 2009 पासून ते पुन्हा निवडून आलेले नाहीत. पक्षाची भूमिका मी समजू शकतो. पण ज्या माणसाला तीस हजार कुटुंबांसाठी सत्तेतल्या प्रत्येक सरकारकडे जावे लागते, त्याने मिळालेल्या मदतीबद्दल आभार मानणे यात मला काही वावगे दिसत नाही. काँग्रेसच्या राजवटीत गोदूताई वसाहत आणि भाजपच्या राजवटीत रे नगर, हे दोन्ही पदरात पाडून घेणे हीच कामगार नेत्याची कसोटी होती आणि तिला ते उतरले.

कामगार संघटना बांधकामात उतरल्यावर पुढे काय होऊ शकते, याची दोन उदाहरणे रे नगर फेडरेशनने, म्हणजे हा प्रकल्प उभारणाऱ्या संस्थेने, समोर ठेवावीत. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये कामगार चळवळीतून आलेल्या अब्राहम काझान यांच्या संस्थेने को-ऑप सिटी ही पंधरा हजारांहून अधिक घरांची सहकारी वसाहत बांधली, पण खर्च वाढत गेला, मासिक आकार चढत गेले आणि 1975-76 मध्ये रहिवाशांनी तेरा महिने आकार न भरण्याचा संप केला. संपाचे हत्यार तिथे कामगारांच्याच संस्थेविरुद्ध उपसले गेले. जर्मनीत कामगार संघटनांच्या मालकीची नॉये हायमाट ही महाकाय गृहबांधणी कंपनी, तिच्या वरिष्ठांनी स्वतःचे खिसे भरल्याचे 1982 मध्ये उघड झाल्यावर कोसळत गेली आणि 1986 मध्ये एका मार्कला विकली गेली. सोलापुरात असे काही घडले आहे असे मी मुळीच सुचवत नाही. संघटना एकदा घरे देणारी झाली की तिच्या विरोधात दाद मागायला कामगाराला दुसरी संघटना उरत नाही, म्हणून हिशेबाचे दार तिने स्वतःहून उघडे ठेवले पाहिजे, इतकेच माझे म्हणणे आहे.

एकूण विचार करता, स्वतःचे पक्के घर नसलेल्या सोलापूरच्या कामगार कुटुंबाने रे नगरमधील घर अवश्य घ्यावे. या किमतीत आणि बाईच्या मालकीने याहून चांगले घर सोलापूरच्या आसपास मिळणे कठीण आहे. ताबा घेण्याआधी कर्जाचा हप्ता घरातल्या सर्वांत कमी कमाईच्या महिन्याशी ताडून पाहावा आणि देखभालीचा आकार कोण व कसा ठरवणार हे लेखी मागावे. विड्या वळणाऱ्या बाईला निवडीची संधी असेल तर तिने तळमजला मागावा. सोसायटीच्या पहिल्याच वार्षिक सभेला हजर राहून जमाखर्चाची प्रत घ्यावी. आणि संघटनेचे सभासदत्व सोडू नये, कारण पाणी, बस आणि कामाच्या शेडसाठी पुन्हा मोर्चा काढावा लागणार आहे.