सागवान, यूपीव्हीसी की ॲल्युमिनियम? मुंबईतल्या घराच्या खिडक्या

घराचं काम काढलं की खिडक्यांबद्दल ठरलेला सल्ला मिळतो: ॲल्युमिनियमचं स्लायडिंग लावा आणि मोकळे व्हा. स्वस्त पडतं, दोन दिवसांत बसतं, सोसायटीही काही म्हणत नाही. आमच्या पार्ल्याच्या घरासाठी मी सागवान, यूपीव्हीसी (म्हणजे कडक प्लास्टिक) आणि ॲल्युमिनियम अशा तिन्ही प्रकारांची कोटेशनं मागवली आणि शेवटी सागवान घेतलं. सगळ्यांनी तेच घ्यावं असं मुळीच नाही.

वीज वाचेल म्हणून विक्रेते लाकडाच्या नाहीतर यूपीव्हीसीच्या चौकटीचं गुणगान फार करतात. त्यात तथ्य नाही असं नाही. ॲल्युमिनियममधून सागवानाच्या साधारण हजारपट सहज उष्णता जाते. मे महिन्यात पश्चिमेच्या चौकटीला हात लावला की कळतंच. पण मुंबईत बाहेर तेहेतीस-चौतीस आणि आत एसी पंचवीसवर, एवढाच फरक. खोली तापते ती मुख्यतः काचेतून येणाऱ्या उन्हाने. तेव्हा चौकट कुठलीही असो, पश्चिमेला छज्जा नसेल तर पैसे आधी ऊन अडवणाऱ्या, पातळ लेप दिलेल्या लो-ई काचेवर घाला. दुहेरी काच रस्त्याच्या आवाजासाठी घ्यायची तर घ्या. उकाड्यासाठी तिचे पैसे इथे दिल्लीइतके वसूल होतील असं मला वाटत नाही. चौकटीतून जाणाऱ्या उष्णतेच्या बाबतीत यूपीव्हीसी लाकडाच्या तोडीस तोड आहे.

माझा निर्णय झाला तो अर्ध्या खिडकीवरून. दोन झडपांचं स्लायडिंग कितीही सरकवा, अर्धी खिडकी बंदच राहते. दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि पलंग नेमका बंद बाजूला. झडप इकडची तिकडे करावी तर जाळीही मागोमाग सरकवायची, आणि ती ट्रॅकमधल्या धुळीत अडकते. शिवाय जाळीत काजळी बसली की उघड्या अर्ध्यातूनही वारा जेमतेम येतो. मग माणूस वैतागून एसी लावतो. बिल वाढतं ते इथे, चौकटीमुळे नाही. इको निवास संहिता २०१८ या केंद्राच्या घरांसाठीच्या ऊर्जाबचत नियमावलीतही उष्ण-दमट हवामानासाठी उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ चटईक्षेत्राच्या किमान १६.६६ टक्के मागितलं आहे. त्या हिशेबात दोन झडपांची सरकती खिडकी ५० टक्केच उघडी धरतात, बिजागरीची ९० टक्के.

मग यूपीव्हीसीचीच बिजागरीची खिडकी का नको? खुशाल घ्या. देखभाल नको असेल तर कदाचित तीच बरी. मला दोन गोष्टी खटकल्या. तिच्या पट्ट्या जाड, त्यामुळे लहान खिडकीत काच कमी उरते. आणि एखादा भाग बिघडला की त्याच कंपनीचा माणूस येईपर्यंत थांबायचं. लाकडाला सुतार पुरतो. बिजागऱ्या मात्र पितळी घ्या, खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही.

लाकडाचे नखरे आहेतच. जुलैत झडप फुगते आणि चौकटीत अडते. अडली म्हणून लगेच रंधा मारून घेऊ नका. डिसेंबरात लाकूड आकसलं की नेमकी तिथेच फट पडते, आणि एसीची गार हवा तिथून बाहेर. साबण किंवा मेण घासून पावसाळा काढायचा. झडपेच्या खालच्या पट्टीला तळाच्या अंगाने बारीक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी तिथेच निथळतं, आत ओघळत नाही. पश्चिमेच्या बाजूचं पॉलिश लवकर जातं, तो खर्च धरूनच चला. ग्रिल भिंतीच्या सपाटीला असेल तर झडपा बाहेर उघडणार नाहीत. आत उघडल्या तर खिडकीतल्या कुंड्या गेल्या, पडद्यांचीही पंचाईत. आमचं ग्रिल पेटीसारखं पुढे आलेलं होतं म्हणून निभावलं.

स्वयंपाकघराला आणि न्हाणीघराला मी ॲल्युमिनियमच ठेवलं. तिथे सागवान म्हणजे उधळपट्टी.

सागवानाचं ठरलंच तर वखारीत नव्या लाकडाआधी पाडलेल्या जुन्या इमारतींचं लाकूड बघा. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, फुगण्याचा त्रास कमी होतो. आतले खिळे काढताना सुतार कुरकुर करतो, तेव्हा त्याची वेगळी मजुरी आधीच ठरवून घ्या.